ती भित्री नव्हती, ब्रेक उशिरा सुटत होता!

लूना आठवते ना? 1972 साली पुण्याच्या कायनेटिकने आणलेली ती छोटीशी गाडी. पायडल मारायचं, इंजिन फुरफुरायला लागलं की मूठ पिळायची, आणि स्वारी निघाली. ना गिअर, ना क्लच. आज तुमच्याआमच्या दारात उभी असलेली स्कूटीही तशीच. क्लच नसतो असं आपण म्हणतो, पण खरं तर तो असतो, फक्त हाताला दिसत नाही.

आता तुम्ही म्हणाल, बायकांच्या पानावर हे गॅरेज कुठून उघडलं? सांगते. माझी भाची गो-कार्टच्या शर्यतीत उतरते. वय वर्षं चौदा. आम्ही उलव्याला राहतो, ती आमच्या मागच्याच सेक्टरमध्ये. 2024 च्या जानेवारीत अटल सेतू खुला झाला आणि मुंबई एकदम जवळ आली. तेव्हापासून रविवारी तिला ट्रॅकवर घेऊन जाण्याचं काम या मावशीकडे आलं.

कार्ट म्हणजे जमिनीला टेकल्यासारखी बसकी, उघडी गाडी. लांबी दोन मीटरच्या आतबाहेर. स्प्रिंग नाहीत, दारं नाहीत. उजव्या पायाला अ‍ॅक्सिलरेटर, डाव्या पायाला ब्रेक. शर्यत सुरू करण्याच्या पद्धती दोन. एकीत सगळ्या कार्ट रांगेत हळूहळू चालत येतात आणि खूण झाली की सुसाट सुटतात. दुसरीत सगळ्या जागेवर उभ्या असतात, दिवा बदलला की निघायचं. मोठ्या शर्यतींतल्या गिअरच्या कार्टना हातातला क्लच सोडून असं उभ्यानं सुटावं लागतं. आमच्या भाचीच्या बिनगिअरच्या कार्टची सुरुवातही उभ्यानंच व्हायची, आणि घोडं तिथेच पेंड खात होतं.

एकदा वेग धरला की पोरगी मुलांच्या तोडीस तोड जायची. पण सुरुवातीलाच तीन-चार जण पुढे निघून जायचे. दोन-तीन शर्यतींत असं झालं आणि घरात बोलणी सुरू झाली. "अगं, मुलीची जात, घाबरणारच. गर्दीत पाय मागे येतो तिचा," असं एक नातेवाईक चहा पिता पिता म्हणाले. तिचे बाबाही विचारात पडले. खर्चाचा खेळ तो. पुढच्या हंगामाचे पैसे भरायचे की नाही, हा प्रश्न होता. पोरीने काही बोलायचं सोडूनच दिलं होतं. तिलाही वाटायला लागलं होतं, आपण भित्र्याच असू.

तिच्या प्रशिक्षकांनी मात्र मला एक काम दिलं. म्हणाले, "ताई, पुढच्या वेळी तिचा चेहरा नको, पाय शूट करा." मी बाजूला उभी राहून फोनवर तिचे पाय टिपले. घरी येऊन आम्ही तिघींनी, म्हणजे मी, ती आणि तिची आई, ते हळू करून पाहिलं. दिवा बदलला की तिचा उजवा पाय झटक्यात खाली जात होता. अगदी वेळेवर. इंजिन किंचाळत होतं. पण डावा पाय ब्रेकवरून उठायला जवळजवळ अर्धा सेकंद लागत होता! आवाज आधी, कार्ट नंतर.

अर्धा सेकंद म्हणजे किती? बाकीच्यांनी ताशी 36 किलोमीटरचा वेग घेतला की ते सेकंदाला दहा मीटर जातात. म्हणजे अर्ध्या सेकंदात पाच मीटर. अडीच कार्ट मावतील एवढी जागा!

आता त्या न दिसणाऱ्या क्लचकडे येऊ. इंजिनाबरोबर फिरणारे दोन-तीन क्लच शू असतात, स्प्रिंगने आवळून धरलेले. इंजिनाची गती वाढली की ते बाहेर फाकतात, भोवतीच्या ड्रमला घासतात आणि मग घट्ट पकडतात. त्या क्षणी चाक फिरतं. स्कूटीची मूठ हळूहळू पिळताना ती आधी गुरगुरते आणि मग अलगद पुढे सरकते, तो हाच क्षण. ब्रेक दाबलेला असताना मूठ पिळली, तर शू नुसते घासत राहतात आणि तापतात. ताकद निघते, पण रस्त्यावर पोचत नाही.

प्रशिक्षकांनी मग तिला एकेक गोष्ट बसवून दिली. थांबताना स्टिअरिंग अगदी सरळ हवं. कार्टची मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर असतात, त्यामुळे पुढची चाकं तिरकी असली की ती अडखळत निघते. पाठ सीटला टेकलेली, कोपर सैल. दिवा बदलायच्या आधी इंजिन इतकंच वाढवायचं, की शू पकडायच्या बेतात येतील. तेही क्षणभरच. (भाड्याच्या कार्टवर असे दोन्ही पाय एकदम दाबू नका हं, क्लच जळतो.) दिवा बदलला की आधी डावा पाय उचलायचा, आणि त्याला लागूनच उजवा दाबायचा. ट्रॅकवर धूळ किंवा ओल असेल तर एकदम दाबायचं नाही, नाहीतर चाक जागच्या जागी गरगरतं, चिखलात रुतलेल्या एसटीसारखं. ट्रॅक कोरडा आणि इंजिन लहान असेल तर मात्र कचरायचं नाही. नजर दिव्यावर, आणि सुटल्यावर पुढच्याच्या बंपरवर नाही, तर त्याच्या पलीकडच्या मोकळ्या जागेवर.

घाई करूनही चालत नाही. आधी हललं की दंड. धावण्याच्या शर्यतीतही इशाऱ्यानंतर 0.1 सेकंदाच्या आत हललेला धावपटू चुकीचा सुटला असं मानतात. एवढ्या लवकर माणसाचं शरीर ऐकून हलूच शकत नाही, असं त्यामागचं गणित. आणि सुरुवात किती मोलाची हे पी. टी. उषाला विचारा. 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये 400 मीटर अडथळ्यांच्या अंतिम शर्यतीत ती पहिल्यांदा झकास सुटली होती. पण दुसऱ्या एका धावपटूच्या चुकीमुळे शर्यत पुन्हा सुरू झाली, आणि कांस्यपदक गेलं सेकंदाच्या शंभराव्या भागाने.

सरावासाठी उलव्याचे रुंद, मोकळे रस्ते खुणावतात, संध्याकाळी पोरं तिथे बाइक फुरफुरवतही असतात. पण रस्त्यावर शर्यत लावणं मोटार वाहन कायद्याने गुन्हा आहे. कैदही होऊ शकते. म्हणून आमचा सराव घरात, खुर्चीवर. समोर मी टॉर्च धरून बसायचे, पायाशी लाकडाचे दोन ठोकळे. टॉर्च विझला की डावा उचल, उजवा दाब. कधी दोन सेकंदांनी विझवायचा, कधी पाचांनी, म्हणजे तिला अंदाज बांधता येऊ नये. रोज वीस वेळा. तिची आई पोळ्या लाटता लाटता ओरडायची, "आत्ता उशीर झाला गं!"

महिनाभराने शर्यत झाली. पाचव्या जागेवरून सुटली आणि पहिल्या वळणाला पाचवीच होती. शेवटी चौथी आली. बक्षीस नाही मिळालं, पण पुढच्या हंगामाचे पैसे भरले गेले.

हे क्षेत्र आपल्याला परकं नाही बरं का. कोल्हापूरला मोहिते रेसिंगच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झाल्या आहेत. आणि पुण्याची डायना पंडोले, दोन मुलांची आई, पेशाने शिक्षिका, हिने 2024 साली मोटार शर्यतीचं राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलं. असं अजिंक्यपद मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री.

मैत्रिणींनो, तुमची लेक सायकलवर, स्कूटीवर किंवा धावण्याच्या रेषेवर मागे पडत असेल, तर "घाबरते ती" हा शिक्का मारायच्या आधी एकदा तिचे पाय बघा. कुठेतरी एखादा ब्रेक दाबलेला असेल. तो कुठे आहे हे कळलं, की सोडवायला महिनाभर पुरतो.