वाशिम कितव्या ओळीवर?

रिसोड तालुक्यातलं केनवड १ जुलै १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यात होतं. त्या दिवशी वाशिम जिल्हा वेगळा झाला आणि अकारविल्हे यादीत पहिल्या जिल्ह्यात मोजलं जाणारं गाव थेट तळाकडे, वर्ध्याच्याही खाली गेलं. जनगणनेची यादी मात्र नंदुरबारपासून सुरू होते. २०११च्या संकेतांकांत नंदुरबार ४९७, अकोला ५०१, वाशिम ५०२. म्हणजे तिथे वाशिम सहावं.

डेटाबेसच्या लेखी यातला कुठलाच क्रम खरा नाही. १९७० साली आयबीएमच्या एडगर कॉड यांनी मांडलेल्या नमुन्यात तक्ता हा ओळींचा संच आहे, आणि संचात पहिलं-शेवटचं नसतं. क्रम हवा तर 'ऑर्डर बाय' लिहून मागायचा. न लिहिता वर्षभर यादी नीट आली तरी तो योगायोगच. हे अजून अनेकांच्या गळी उतरलेलं नाही.

जिल्ह्याचं ठाणं आधी, मग बाकीचे पाच तालुके, असा घरचा क्रम एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेच्या १९९२च्या मानकातल्या 'केस'ने लावता येऊ लागला: वाशिमला शून्य, इतरांना एक, मग नावं. माझं मत विचाराल तर तालुक्यांच्या तक्त्यात क्रमाचा वेगळा रकानाच ठेवावा. मानोरा-मंगरूळपीर वर-खाली करायला मग प्रोग्रामर शोधावा लागत नाही.

खरी रखडपट्टी झाली ती अक्षरांत. युनिकोडच्या देवनागरीत ळ लगेच ल नंतर येतो. नुसत्या संकेतांकाने लावलं की काळे आधी, कावरे मागून. आपल्या वर्णमालेत ळ ह-नंतर, मग क्ष, ज्ञ. क्षीरसागर तर 'क'च्या पोटातच शिरतात. 'ॲ' युनिकोडमध्ये २००८ साली दाखल झाला, तोही मागच्या क्रमांकावर. त्यामुळे 'ॲ'ने सुरू होणारी नावं 'ह'च्याही खाली. पुढच्याच वर्षी शासनाने वर्णमाला ठरवून दिली. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसमध्ये मराठीचं कोलेशन, म्हणजे अक्षरक्रमाचे नियम, आयसीयू या युनिकोड-संग्रहातून नाव घेऊन मागायची सोय २०१७ मध्ये, दहाव्या आवृत्तीत आली.

जमिनीच्या गट क्रमांकाचं दुखणं वेगळं. १२/१ हा मजकूर, म्हणून १० आधी आणि २ नंतर. आकड्यांची किंमत धरून लावायची सोय आयसीयूत आहे, तरी गट आणि पोटहिस्सा वेगळ्या रकान्यांत ठेवलेले बरे. गावाची यादी करून घेणाऱ्यांनी एवढं करावं: कोणता क्रम हवा, ते कामाच्या कागदावरच लिहून द्यावं.