डब्याबाहेरचे पाणी

हवाबंद डब्यातील मांस म्हणजे निर्धोक अन्न, असा आपला समज असतो. परंतु १९६४ साली स्कॉटलंडमधील ॲबर्डीन शहरात विषमज्वराची साथ आली व पाचशेहून अधिक लोक आजारी पडले. मूळ होते अर्जेंटिनाहून आलेल्या गोमांसाच्या डब्यात. मांस उष्णतेने निर्जंतुक केले होते. पण तापलेले डबे निववण्यासाठी नदीचे, क्लोरीन न घातलेले पाणी वापरले जाई. डबा निवताना सांध्यात बारीकसे छिद्र असले, तर ते पाणी आत ओढले जाते. पुढे दुकानातील काप करण्याच्या यंत्रातून रोग इतर मांसात पसरला. म्हणून आयात करणाऱ्या देशाने केवळ डबा तपासून भागत नाही. परदेशातील कारखान्याचे पाणीही तपासावे लागते. मात्र ज्याची भिस्त एकाच पुरवठादारावर, त्याला माल नाकारणे जड जाते!