पंचरत्नांचं पुढे काय झालं?

2009 मध्ये झी मराठीवरच्या ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’ची महाअंतिम फेरी आमच्या इंदूरच्या घरात सगळ्यांनी मिळून पाहिली. आजीचं मत आर्याला, माझं रोहितला. जिंकली कार्तिकी गायकवाड. आजी दोन दिवस टीव्हीवर रुसली होती!

आता माझी भाची दहावीच्या वर्षात ऑडिशनसाठी मुंबईला जायचं म्हणते. ताईने फोनवर विचारलं, “या मुलांचं पुढे होतं तरी काय रे?” म्हणून ही उजळणी.

कार्तिकी आजही गाते. पण हरलेल्या चौघांचंही गाणं थांबलं नाही. आर्या आंबेकर 2017 मध्ये ‘ती सध्या काय करते’मध्ये पडद्यावरही दिसली. रोहित राऊत मोठेपणी ‘इंडियन आयडॉल’मध्ये पुन्हा स्पर्धक म्हणून उभा राहिला (मला नसतं बुवा जमलं) आणि 2020 मध्ये उपविजेता ठरला. मुग्धा वैशंपायन आणि प्रथमेश लघाटे यांनी 2023 मध्ये लग्न केलं. त्याआधी, 2021 मध्ये, हे पाचही जण त्याच कार्यक्रमात परीक्षक म्हणून बसले होते.

हिंदीत अरिजित सिंग बघा. 2005 च्या ‘फेम गुरुकुल’मधून तो बाद झाला. ‘आशिकी 2’मुळे नाव घरोघरी पोहोचलं ते 2013 मध्ये. मधल्या काळात तो संगीतकारांच्या हाताखाली प्रोग्रॅमिंग करत होता. आमच्यासारखं नव्हे, संगीताचं.

हे सगळं ताईला वाचून दाखवलं. पलीकडून भाचीच बोलली, “मामा, पण ती आठ वर्षं त्याच्या घरचे काय म्हणत होते?”

ऑडिशनचा फॉर्म अजून भरलेला नाही.