गाठ आपोआप जिरते तेव्हा

छातीत अचानक कळ येते, दोन-चार दिवस ताप राहतो. सीटी स्कॅनमध्ये छातीच्या मधल्या हाडामागे गाठ दिसते. शस्त्रक्रिया ठरते, काही आठवड्यांनी पुन्हा स्कॅन काढतात, तर गाठ बरीच आटलेली! औषध नाही, किरणोपचार नाहीत. थायमोमा या दुर्मीळ गाठीच्या बाबतीत असं घडल्याच्या मोजक्याच नोंदी आहेत. त्यांतल्या बऱ्याच जपानी डॉक्टरांच्या.

दहा लाखांत वर्षाला जेमतेम एक-दोघांना होणारी ही गाठ थायमस ग्रंथीत उगवते. ती ग्रंथीच नवलाची. शरीराचे पहारेकरी असलेल्या टी-पेशी तिथे तयार होतात. आपलं-परकं ज्यांना ओळखता येत नाही त्या तिथेच मरतात. शंभरातल्या नव्वदाहून अधिक बाहेर पडतच नाहीत. वयात येईपर्यंत ग्रंथी भरात असते, मग सगळ्यांच्याच छातीत ती हळूहळू आटते आणि तिथे चरबी साठते. तिचं खरं काम संशोधक जाक मिलर यांनी 1961 मध्ये उलगडलं.

मग गाठ का जिरते? काढलेल्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर एक उत्तर मिळालं. गाठ वाढते तसा आतला दाब वाढतो, रक्तवाहिन्या दबतात किंवा गुठळीने बंद होतात. रक्तपुरवठा तुटला की आतला भाग मरतो. कळ आणि ताप त्यामुळेच. मेलेला भाग शरीर हळूहळू शोषून घेतं. पण कडेला जिवंत पेशी उरलेल्या सापडतात, म्हणून गाठ लहान झाली तरी सर्जन ती काढायलाच सांगतात.

इतर कॅन्सरही क्वचित असे ओसरतात. एव्हरसन आणि कोल या अमेरिकन सर्जननी 1966 मध्ये अशा 176 रुग्णांची नोंद पुस्तकात मांडली. काहींमध्ये पहारेकरी पेशींनीच गाठीवर हल्ला चढवला असावा, असं मानतात. निसर्गात क्वचित घडणारं हे काम मुद्दाम घडवता येईल का, या प्रश्नाने संशोधकांना झपाटलं.

त्याचं एक उत्तर आपल्याकडेच तयार झालं. परळचं टाटा हॉस्पिटल आणि आयआयटी मुंबई यांनी मिळून रुग्णाच्याच टी-पेशी बाहेर काढून, त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवून परत देण्याचा उपचार विकसित केला. एप्रिल 2024 मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचं लोकार्पण झालं. सध्या तो काही रक्ताच्या आणि लसिकाग्रंथींच्या कॅन्सरसाठी आहे, थायमोमासाठी नव्हे.

थायमोमाच्या साधारण एक तृतीयांश रुग्णांना मायस्थेनिया हा आजारही असतो: संध्याकाळी पापण्या जड होऊन मिटतात, एकाचे दोन दिसतात, घास गिळवत नाही. कुणाला असं होत असेल, तर अशक्तपणा म्हणून सोडून देऊ नका, छातीचा स्कॅन करायचा का ते डॉक्टरांना विचारा. आणि गाठ निघालीच, तर ती आपोआप जिरेल या आशेवर घरी बसू नका. अशा नोंदी झाल्या, त्या ती माणसं वेळेत डॉक्टरांपर्यंत पोहोचली म्हणूनच.