जेवल्यावर पिल्लू ओकतंय? आधी हे पाहा

कर्जत-खालापूरमध्ये घराच्या किंवा फार्महाऊसच्या राखणीसाठी अनेक जण कुत्र्याचं पिल्लू पाळतात. जेवल्यावर ते ओकत असेल, तर अन्न कसं बाहेर पडतंय, यावरून कारणाचा अंदाज येतो.

जोर न लावता, अख्खं अन्न लगेच परत आलं?
पिल्लू बहुधा घाईने खातंय. दिवसातून 3-4 वेळा थोडं थोडं द्या. तरीही रोज होत असेल, तर अन्ननलिकेत दोष असू शकतो.

पोट आत ओढून ओकलं?
ही खरी उलटी. जंत, अचानक बदललेला आहार, मसालेदार उरलंसुरलं, गिळलेलं हाड किंवा प्लास्टिक, भातशेतीतलं उंदरांचं विष यांपैकी काहीही असू शकतं.

लगेच दवाखाना कधी?
वारंवार उलट्या, रक्ताचे जुलाब, सुस्ती ही पार्व्होची लक्षणं असू शकतात. लहान पिल्लाच्या अंगातलं पाणी झपाट्याने घटतं, सकाळची वाट पाहू नका. पार्व्होची लस 6 ते 8 आठवड्यांपासून सुरू होते.

पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन ही माणसांची औषधं देऊ नका. उलटीचा व्हिडिओ काढून पशुवैद्यकांना दाखवा. रात्री उघडा असणारा दवाखाना कोणता, हे आजच विचारून नंबर सेव्ह करा.