स्वस्त मोहिमा, एकच गिऱ्हाईक

सप्टेंबर २०१४ मध्ये मंगळयान मंगळाच्या कक्षेत पोचलं आणि चारच दिवसांनी पंतप्रधानांनी न्यूयॉर्कच्या सभेत हिशेब मांडला: अहमदाबादेत रिक्षाला किलोमीटरमागे दहा रुपये पडतात, मंगळाला सात. टाळ्या पडल्या. तेव्हापासून आपल्याकडे अंतराळाचं अर्थकारण म्हटलं की गाडी स्वस्ताईच्या पुढे सरकत नाही. मंगळयान साडेचारशे कोटींत, चांद्रयान-३ सुमारे ६१५ कोटींत. कौतुक रास्तच आहे. पण कमी पैशांत मोहीम फत्ते करणं वेगळं आणि त्यावर उद्योग उभा राहणं वेगळं.

ही स्वस्ताई आली कुठून? थोडी भारतीय पगारांतून, थोडी काटकसरीतून. मंगळयानावरची पाच उपकरणं मिळून पंधरा किलोंच्या घरात होती आणि रॉकेट होतं सवयीचं पीएसएलव्ही. पण मोठा वाटा त्या बिलात लिहिलेलाच नसतो. १९७४ मध्ये इस्रोनं एका फ्रेंच कंपनीशी करार केला आणि द्रवइंधनाच्या इंजिनाचं तंत्रज्ञान घेतलं. त्याची किंमत रोकड्यात नव्हे, तर आपल्या इंजिनीअरांच्या श्रमांनी चुकती केली. त्यातून ‘विकास’ इंजिन आलं. ते आज मुंबईत विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात बनतं. क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड इंधनावरच्या, इंजिनाची कथा याहून लांबलेली. १९९१ मध्ये रशियाशी झालेला करार अमेरिकेच्या दबावाखाली दोनच वर्षांत आक्रसला. तयार इंजिनं मिळाली, विद्या मिळाली नाही. स्वदेशी क्रायोजेनिक टप्प्यानं उपग्रह कक्षेत नेला तो जानेवारी २०१४ मध्ये. वीस वर्षं परतावा नसलेल्या कामात कुठलाही शेअरबाजार पैसे अडकवून बसत नाही. सरकार बसलं.

आता इंदापूर तालुक्यात वालचंदनगरला या. उसाचा मुलूख, आणि साखर कारखान्यांची यंत्रं बनवणारी जुनी कंपनी. तिथेच इस्रोच्या रॉकेटांच्या घनइंधनाची नळकांडी बनतात. मारेजिंग नावाच्या खास पोलादाचे पत्रे गोल वाकवायचे, जोडायचे, प्रत्येक वेल्डची क्ष-किरणानं तपासणी करायची, भट्टीत मुरवायचं आणि शेवटी आत पाणी भरून दाब द्यायचा. साधारण आठ मिलिमीटरची भिंत आणि आत पुढे जळणार टनावारी इंधन! असं काम करणारे वेल्डर, तशी भट्टी आणि तपासणीची यंत्रणा बाळगायची तर ऑर्डरी सतत हव्यात. आणि नेमकी तिथेच ओढाताण आहे. २०२४ मध्ये इस्रोची एकूण उड्डाणं झाली पाच. आपलं सर्वांत मोठं रॉकेट, एलव्हीएम-३, त्या वर्षी एकदाही उडालं नाही. त्याच वर्षी स्पेसएक्सच्या फाल्कन रॉकेटांनी सव्वाशेच्या वर खेपा केल्या. त्यांतली एक आपली होती: ४,७०० किलोंचा जीसॅट-एन२ उपग्रह एलव्हीएम-३ला पेलणारा नव्हता, म्हणून तो नोव्हेंबरात फ्लोरिडाहून गेला.

वर्षाला पाच उड्डाणं आणि गिऱ्हाईक बहुतांशी एकच, तेही सरकार. अशा धंद्यात कारखानदार स्वतःच्या खिशातून संशोधन कशाला करील? दिलेल्या नकाशाबरहुकूम माल बनवून द्यायचा, इतकंच. देशाचं चित्रही असंच आहे. संशोधनावरचा एकूण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के, आणि त्यातला निम्म्याहून जास्त सरकारी. अंतराळ विभागाला २०२५-२६ साठी १३,४१६ कोटी मिळाले. केंद्राच्या खर्चातल्या शंभर रुपयांमागे सव्वीस पैसे.

या सव्वीस पैशांचं फळ किती? इस्रोनं करवून घेतलेला एक अहवाल सांगतो की, गुंतवलेल्या रुपयामागे अर्थव्यवस्थेत २.५४ रुपये येतात. खर्च करणाऱ्यानंच मागवलेला हिशेब जरा जपूनच घ्यावा. मला ओडिशाचा पुरावा जास्त पटतो. १९९९च्या महाचक्रीवादळात तिथे दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. २०१९च्या फनी चक्रीवादळात मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. सगळं श्रेय उपग्रहांचं नाही, निवारे आणि प्रशासनाचंही आहे, पण आधी दिसलं म्हणून तर दहा लाखांवर लोक वेळेत हलवता आले. कोकण-गोव्याच्या मच्छीमारांना मासळी कुठे सापडेल याचा सरकारी अंदाज फुकट मिळतो, त्यामागेही उपग्रहानं टिपलेला समुद्राचा रंग आणि तापमान असतं. वाचलेलं डिझेल कुठल्याच कंपनीच्या ताळेबंदात दिसत नाही.

दारं उघडली आहेत, हे खरं. २०२० मध्ये खासगी कंपन्यांना परवाने देणारी ‘इन-स्पेस’ आली, २०२३ मध्ये धोरण, २०२४ मध्ये परकी गुंतवणुकीची सवलत. स्कायरूट आणि अग्निकुल या कंपन्यांनी चाचणी-उड्डाणंही केली. भारताचा अंतराळ व्यवसाय आज ८.४ अब्ज डॉलरचा मानला जातो, जगाच्या दोन टक्के. २०३३ पर्यंत ४४ अब्जांचं लक्ष्य आहे. लक्ष्य ठरवायला पैसे पडत नाहीत. जून २०२५ मध्ये एसएसएलव्ही या छोट्या रॉकेटचं तंत्रज्ञान लिलावात निघालं, तेव्हा ५११ कोटींची बोली लावून ते जिंकलं हिंदुस्थान एरोनॉटिक्सनं, म्हणजे पुन्हा सरकारी कंपनीनंच. दोन वर्षं इस्रो तिला रॉकेट बांधायला शिकवणार आहे. त्यानंतर गिऱ्हाइकं शोधायची ती तिची तिनं.