मंदीच्या काळातील दोन माता

१९२९ साली अमेरिकेचा शेअरबाजार कोसळला. मंदीची झळ आपल्याकडेही लागली, शेतमालाचे भाव उतरले. अशा काळात माणसे केवळ दुःख विसरण्यासाठी करमणूक शोधतात, हा समज अपुरा आहे. १९३६ च्या ‘संत तुकाराम’ या प्रभातच्या बोलपटातील जिजाई उपासमारीने त्रासलेली आहे. मूल आजारी पडताच ती पायताण घेऊन विठोबालाच जाब विचारते. हा बोलपट मुंबईत वर्षभराहून अधिक चालला. जॉन स्टाइनबेकच्या ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ (१९३९) या कादंबरीतही, ओक्लाहोमातून परागंदा झालेल्या शेतकरी कुटुंबाला आईच धरून ठेवते. एक माता चिडते, दुसरी धीर देते. पण दोघींची चिंता एकच – मुलांच्या पोटाची. ती चिंता लोकांच्या ओळखीची होती. म्हणूनच या कलाकृती त्यांना आपल्या वाटल्या.